मेळ आणि सत्य

सत्याच्या दोन कसोट्या परंपरेनें मानल्या आहेत. विधान वस्तुस्थितीशीं जुळावें, ही एक. विधानांविधानांत विरोध नसावा, ही दुसरी. पहिली अवघड, कारण वस्तुस्थिति पुष्कळदां हातची निघून गेलेली असते. दुसरी घरबसल्या लावतां येते. म्हणूनच ती पहिलीची जागा बळकावील हें भय नेहमीं असतें. संगणकाच्या बिघडलेल्या डिस्कची दुरुस्ती हा वरवर पाहतां कारागिराचा विषय. परंतु हा जुना प्रश्न तेथें फार स्पष्टपणें दिसतो.

जुन्या चालीचा व्यापारी व्यवहार होतांच तो रोजकीर्दींत टिपी आणि मग सवडीनें खतावणींत चढवी. खतावणीचें काम मध्येंच थांबलें, तरी रोजकीर्द पाहून तें पुरें करतां येई. डिस्कवरही हीच व्यवस्था असते. कोणती फाईल कोठें आहे, कोणती जागा रिकामी आहे, ही डिस्कची खतावणी. तींत फेरफार करण्यापूर्वीं तो 'जर्नल' नांवाच्या नोंदवहींत लिहिला जातो. लिनक्ससाठीं अशी योजना स्टीफन ट्वीडी यांनीं १९९८ सालीं मांडली. वीज अचानक गेली, तर संगणक पुन्हां सुरू होतांना ही वही वाचतो. पूर्णतेची खूण असलेल्या नोंदी अमलांत आणतो, अर्धवट सोडून देतो.

पण ती वहीच बिघडली तर? जिच्या आधारें चूक सुधारावयाची तीच खोटें सांगूं लागली, तर तिच्यावर विसंबून केलेली दुरुस्ती चांगल्या भागाचाही नाश करील. म्हणून जाणता कारागीर प्रथम डिस्कची जशीच्या तशी नक्कल घेतो व नकलेवरच काम करतो. वही वाचण्याजोगी नसेल तर ती बाजूस सारून खतावणी पानापानानें तपासतो. ज्या फायलींचा मजकूर आहे पण नांवगांव सांपडत नाहीं, त्या केवळ क्रमांक देऊन 'हरवलें-सांपडलें' अशा अर्थाच्या कप्प्यांत ठेवल्या जातात. शेवटीं यंत्र सांगतें, डिस्क निर्दोष आहे.

या 'निर्दोष' शब्दाचा अर्थ इतकाच, कीं नोंदींत आतां परस्परविरोध उरला नाहीं. विरोध घालविण्याचा एक मार्ग खरी नोंद शोधण्याचा; दुसरा, न जुळणारी नोंद पुसून टाकण्याचा. मेळ दोहोंनींही सारखाच बसतो. २०१९ च्या महापुरांत कृष्णेचें पाणी सांगलीच्या बाजारपेठेंत शिरलें. अशा प्रसंगीं एखाद्या पतसंस्थेचा संगणक बंद पडला, आणि कोणा विधवेनें आदल्या दिवशीं भरलेली ठेव नोंदींतून नाहींशी झाली, अशी कल्पना करा. संगणकांत विसंगति कोठेंच नाहीं. आहे ती तिच्या हातांतल्या पावतींत. मेळ बसला म्हणून निश्चिंत झालेला चिटणीस खोटें बोलत नाहीं, पण अन्याय मात्र करतो.

इतिहाससंशोधनाला हा पेच परिचित आहे. सातारा जिल्ह्यांतील वाईस मिळालेल्या पत्रांचा खंड वि. का. राजवाडे यांनीं १८९८ सालीं प्रसिद्ध केला. सांगलीशेजारच्या मिरजेंत वासुदेवशास्त्री खरे यांनीं पटवर्धनांच्या दप्तरांतील पत्रें छापण्यास त्याच सुमारास आरंभ केला. बखरींत गोष्ट सलग असते, कारण मधलीं भोकें बखरकारानें कल्पनेनें बुजविलेलीं असतात. पत्रें तुटक, कित्येकदां मितीवांचून. तरीही राजवाड्यांनीं बखरींहून पत्रांना अधिक प्रमाण मानलें, कारण सलगपणापेक्षां साक्षीचें मोल मोठें.

यावर कोणी म्हणेल, मेळावांचून व्यवहार चालत नाहीं. पेढी उद्यां उघडावयाची आहे. हें खरें आहे. मेळ घालावाच लागतो, त्यासाठीं कांहीं टाकावेंही लागतें. परंतु जें टाकलें तें सांगणें आपल्या हातीं असतें. मूळ डिस्क जपून ठेवावी, काय गेलें याची यादी करावी, आणि ज्याचें गेलें त्याला ती दाखवावी. येथवर आल्यावांचून दुरुस्ती पुरी झाली असें म्हणूं नये. क्रमांक देऊन ठेवलेली ती बेवारशी फाईल मला म्हणूनच आदरणीय वाटते. 'हें आहे, पण कोणाचें तें ठाऊक नाहीं,' इतकेंच ती सांगते. आपल्या घराण्याच्या व समाजाच्या आठवणींविषयीं इतक्या प्रांजळपणें बोलण्याचें धैर्य आपणांपैकीं किती जणांस आहे?