गुहेचा धोंडा कुणी हलवला?

गोंदिया जिल्ह्यात येणाऱ्या पाहुण्याच्या हाती पडणारी यादी ठरलेली असते. नागझिऱ्याचे जंगल, नवेगावबांधचा तलाव, दरेकशाजवळचा हाजरा धबधबा आणि सालेकसा तालुक्यातले कचारगड. कचारगडच्या नावापुढे ‘आशियातील सर्वांत मोठी नैसर्गिक गुहा’ असा शेरा हमखास असतो. मोजले कुणी, कोणत्या गुहांशी ताडून पाहिले, हे विचारण्याच्या भानगडीत कुणी पडत नाही. त्याखाली ‘याबाबत अशी दंतकथा सांगितली जाते’ म्हणून दोन ओळी. पाहुणा त्या वाचतो, फोटो काढतो आणि जेवणाची वेळ गाठतो.

दंतकथेला इतक्या स्वस्तात सोडणे हा या मुलखावर अन्याय आहे. बाघ आणि वैनगंगेच्या खोऱ्यातल्या कथा करमणुकीसाठी रचलेल्या नाहीत. त्या दावे मांडतात. ही जमीन कुणी वसवली, पाणी कुणी अडवले, कुणावर कुणाचे ऋण आहे आणि त्या ऋणापोटी काय पाळायचे, हे त्या सांगतात. म्हणून ऐकणाऱ्यानेही त्या दाव्यासारख्याच ऐकाव्यात. बोलणारा कोण, कुणासमोर बोलतो आणि दुसरी बाजू काय म्हणते, हे लक्षात ठेवून.

आधी भूगोल. बाघ नदी चिचगडच्या डोंगरांतून निघते, उत्तरेकडे वाहत जाते आणि मध्य प्रदेशाच्या हद्दीला लागून वैनगंगेला मिळते. कागदावर ती सीमा आहे, आणि कागद बरेच बदललेले आहेत. १९५६ पर्यंत हा सारा मुलूख मध्य प्रदेशात होता, मग द्विभाषिक मुंबई राज्यात गेला, १९६० मध्ये महाराष्ट्रात आला आणि १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून गोंदिया हा स्वतंत्र जिल्हा झाला. पुढच्याच वर्षी शेजारी छत्तीसगड राज्य उभे राहिले. कथांनी यातली एकही सीमा मानलेली नाही. माघ पौर्णिमेला कचारगडच्या पायथ्याशी, धनेगावात, मध्य प्रदेश, छत्तीसगड आणि तेलंगणातून आलेले गोंड भाविक ‘जय सेवा’ म्हणत भेटतात, तेव्हा नकाशापेक्षा जुने काहीतरी तिथे चालू असते.

तिथे सांगितली जाणारी कथा थोडक्यात अशी. माता काली कंकालीची तेहतीस मुले शंभूने गुहेत कोंडली आणि तोंडावर प्रचंड धोंडा लावला. आई शोकाने वेडी झाली. पारी कुपार लिंगो आणि जंगो रायताड यांनी मुलांच्या सुटकेचा मार्ग शोधला आणि हिरासुका पाटालीर या वादकाला पुढे केले. त्याच्या वाद्याचा सूर आत पोचला, मुलांच्या अंगात बळ आले, सगळ्यांनी मिळून जोर लावला आणि धोंडा ढळला. मुले सुटली, पण त्याच धोंड्याखाली हिरासुका चिरडला गेला. पुढे लिंगोने या मुलांना शिकवले, त्यांची सगा, म्हणजे कुळगट, आणि गोत्रे लावून दिली. साडेसातशे गोत्रे, आणि प्रत्येक गोत्राने जपायचे एक झाड, एक प्राणी, एक पक्षी, अशी ती मांडणी सांगितली जाते.

आता हीच कथा दीडशे वर्षे मागे जाऊन ऐकू. नागपूरला काम करणारे स्कॉटिश मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनी एका परधानाच्या, म्हणजे गोंडांच्या परंपरागत गायकाच्या, तोंडून लिंगोचे दीर्घ गीत उतरवून घेतले होते. १८६३ मध्ये टाकळघाटजवळ पूर आलेला प्रवाह ओलांडताना हिस्लॉप बुडाले. मध्य प्रांताचे चीफ कमिशनर रिचर्ड टेंपल यांनी त्यांचे कागद १८६६ मध्ये छापले. त्या गीतातही कोंडलेले गोंड आहेत, महादेव आहे, गुहेचा धोंडा आहे. पण सुटका होते ती वेगळ्या वाटेने. लिंगो तप करतो, बिंदो नावाच्या अजस्र पक्ष्याची पिल्ले आणून दाखवण्याची अट पुरी करतो आणि महादेवाकडून आपल्या माणसांना सोडवतो. नंतर पाऊस कोसळतो, नदीला पूर येतो. मागे राहिलेल्या चौघांना आणि लिंगोला पार नेण्यासाठी मगर आणि कासव पुढे येतात. मगर मध्यधारेत दगा देते, कासव सर्वांना पैलतीरी पोचवते. तेव्हापासून कासवाला इजा करायची नाही, अशी शपथ.

दोन्ही कथा शेजारी ठेवल्या की फरक डोळ्यांत भरतो. जुन्या लिखित पाठात सुटका एका वीराच्या पराक्रमाने होते आणि शेवटचा शब्द महादेवाचा असतो. आज कचारगडला सांगितल्या जाणाऱ्या कथेत धोंडा हलवतात ती मुलेच, सर्वांनी मिळून, आणि किंमत मोजतो तो वाजवणारा. १९८०च्या दशकात मोतीराम कंगाली यांच्यासारख्या अभ्यासकांनी आणि कार्यकर्त्यांनी कचारगडच्या यात्रेला आजचे रूप दिले, आपल्या पुनेमची, म्हणजे गोंडी धर्माची, मांडणी आपल्याच शब्दांत केली. विखुरलेल्या समाजाला एकत्र आणू पाहणाऱ्यांना ‘सगळ्यांनी मिळून जोर लावला’ हा प्रसंग जवळचा वाटावा, यात नवल नाही.

मग खरी कथा कोणती? हा प्रश्न मला चुकीचा वाटतो. छापलेला पाठ जुना आहे म्हणून शुद्ध ठरत नाही. तोही एका गायकाने एका पाद्र्यासमोर गायलेला, नंतर एका प्रशासकाने छापलेला पाठ आहे. यात्रेतली कथा आज सांगितली जाते म्हणून बनावटही ठरत नाही. परधानांच्या गाण्यातून हे ज्ञान पिढ्यान्‌पिढ्या चालत आले, आणि गाणारा ऐकणारे पाहून गातो. मात्र दोन्ही पाठांत एक गोष्ट पक्की आहे. सुटकेनंतर लगेच नियम येतात. कुणाशी सोयरीक करायची, कोणते झाड तोडायचे नाही, कोणता प्राणी मारायचा नाही. स्वातंत्र्य मिळाले आणि कथा संपली, असे इथे होत नाही.

दक्षिणेला, अर्जुनी मोरगाव तालुक्यात, दुसरा दावा उभा आहे. नवेगावबांधचा सुमारे अकरा चौरस किलोमीटरचा तलाव कोलू पाटील कोहळी यांनी अठराव्या शतकाच्या सुरुवातीला बांधला. लोकांनी त्यांना पुढे देवपण दिले, ते कोलासूर झाले. तलावाभोवतीच्या सात डोंगरांना सातबहिणी म्हणतात आणि या बहिणींनी पाटलाला बांधकामात हात दिला, असे सांगतात. कथा बाजूला ठेवून नकाशा पाहा. डोंगरांचे कडे तयारच आहे, माणसाने मधल्या फटी पाळ घालून बुजवायच्या. पाणी अडवण्याचे निम्मे काम खरोखरच बहिणींनी केलेले आहे. जागा निवडणाऱ्याची नजर आणि डोंगरांचे ऋण, दोन्ही एका वाक्यात सांगायचे तर लोक दुसरे काय म्हणणार?

कोहळी समाजाची आणखी एक आख्यायिका आहे. चांद्याच्या गोंड राजाने काशीहून कोहळ्यांच्या पूर्वजांना तलाव बांधण्यासाठी आणले, अशी. रसेल आणि हिरालाल यांच्या जाती-जमातींवरच्या १९१६च्या ग्रंथातही तिची नोंद आहे. काशीहून आल्याचा इतिहास सिद्ध होवो न होवो, तिच्यातली कबुली महत्त्वाची आहे. पाणी आम्ही अडवले, पण जमीन गोंड राजाची होती, असे ती सांगते. कचारगडची कथा आणि नवेगावची कथा इथे एकमेकींना भेटतात.

आणि याच ठिकाणी कथेची मर्यादाही दिसते. पाळीवर माती टाकणाऱ्या हातांची नावे कुठल्याच कथेत नाहीत. तलावात मासे धरणाऱ्या ढिवरांचा वाटा पाटलाच्या गौरवात बुडून जातो. १९५१ मध्ये मालगुजारी, म्हणजे इथली जमीनदारी, संपली, तलाव सरकारजमा झाले, ‘माजी मालगुजारी’चे लघुरूप होऊन त्यांना मामा तलाव म्हणू लागले. कथा टिकली, पण पाळ राखायची, गाळ काढायचा, पाणी वाटायचे, ही गावाची रीत ढिली पडली. कोलासुराला नारळ फोडणे सोपे, गाळ उपसणे अवघड.

कुणी म्हणेल, कथांना एवढे गंभीरपणे घेण्याचे कारण काय? कारण कायद्याने त्यांना घेतलेले आहे. २००६च्या वनहक्क कायद्याखालच्या नियमांत हक्काचा पुरावा म्हणून वडीलधाऱ्यांचे लेखी उतरवलेले जबाब चालतात, आणि विहिरी, दफनभूमी, पवित्र स्थाने यांसारख्या जुन्या खुणाही चालतात. या डोंगरावर आमचा देव आहे, हे वाक्य ग्रामसभेच्या दाव्यात वजन धरते. माहितीपत्रकातली ‘दंतकथा’ तिथे साक्ष होते.

साक्ष म्हटली की उलटतपासणी आलीच. आमगावजवळच्या पदमपूरचे उदाहरण घ्या. ‘उत्तररामचरित’ लिहिणाऱ्या भवभूतीने आपले मूळ गाव विदर्भातले पद्मपूर असल्याचे स्वतःच नोंदले आहे आणि इतिहाससंशोधक वा. वि. मिराशींनी ते हेच पदमपूर असल्याचे प्रतिपादन केले. तिथे ग्रंथ, अवशेष, नावे तपासता येतात. लिंगोच्या कथेला ती कसोटी लावून ती नापास करणे जितके चूक, तितकेच तिला विज्ञानाचे प्रमाणपत्र चिकटवणेही चूक. प्रत्येक दाव्याची तपासणी त्याच्या जातीप्रमाणे व्हावी.

म्हणून या खोऱ्यात येणाऱ्यांना एवढेच सांगणे. माघ पौर्णिमेला कचारगडला या, पण ते आधी देवस्थान आहे आणि नंतर पर्यटनस्थळ, हे ध्यानात ठेवा. वाटाड्या धनेगावचा घ्या. कथा ऐकताना विचारा, ही तुम्हाला कुणी सांगितली? आणि शेजारच्या गावात ती कशी सांगतात? नवेगावला नावेत बसण्याआधी पाळीवरून चालून या. आणि फलक लिहिणाऱ्या खात्यांना विनंती अशी की, ‘आशियातील सर्वांत मोठी’ ही ओळ पुसा. त्या जागी कथा लिहा, मराठीबरोबर गोंडीतही लिहा, एकाहून अधिक पाठ लिहा आणि प्रत्येकाखाली तो कोणत्या समाजाचा, कोणत्या गावचा आहे ते नोंदवा.