तुरुंगाकडे कोणी पाहायचे?

आमच्या नववीच्या वर्गातला एक मुलगा महिन्यातून दोनदा तरी गैरहजर असे. सांगूनही ऐकत नाही म्हणून एकदा आम्ही त्याला वर्गाबाहेर उभे केले. दुसऱ्या दिवशी त्याची आई आली. "सर, त्याच्या अब्बांची मुलाखत असते, तेव्हा जेलवर जावे लागते," एवढेच ती म्हणाली. खटला अजून सुरूही झाला नव्हता. स्टाफरूममध्ये विषय निघाला तेव्हा एक सहकारी म्हणाले, "काहीतरी केलेच असेल ना!" आम्ही गप्प बसलो. त्या गप्प बसण्याची टोचणी अजून गेलेली नाही.

माणसाचे माणूसपण तुरुंगाच्या फाटकापाशी संपते काय? या प्रश्नाचे उत्तर आपल्या सर्वोच्च न्यायालयाने दिले आहे. सुनील बत्रा या फाशीच्या कैद्याला तिहारमध्ये एकांतात ठेवल्याचे प्रकरण चालू असताना, 1978 साली सरन्यायाधीश मिर्झा हमीदुल्ला बेग दोन न्यायमूर्तींसह स्वतः तो तुरुंग पाहून आले. पुढे बत्राने दुसऱ्याच एका कैद्याच्या छळाबद्दल पत्र लिहिले, तेव्हा न्यायालयाने ते पत्रच अर्ज म्हणून दाखल करून घेतले. तुरुंगात तक्रारपेट्या असाव्यात, त्या जिल्हा दंडाधिकारी व सत्र न्यायाधीशांच्या देखरेखीखाली उघडाव्यात, असा आदेश निघाला. ज्याच्याविरुद्ध तक्रार, त्याच्याच हाती पेटी नसावी, हे त्यातले मर्म.

मुंबईचेही उदाहरण आहे. पत्रकार शीला बारसे यांनी मुंबईच्या तुरुंगातील स्त्रियांशी बोलून पोलीस कोठडीतल्या मारहाणीबद्दल न्यायालयाला पत्र लिहिले. 1983 च्या निकालात न्यायालयाने सांगितले की स्त्रियांसाठी वेगळ्या कोठड्या व महिला शिपाई असावेत, आणि शहराच्या सत्र न्यायाधीशांनी अधूनमधून न कळवता पाहणी करावी.

आपल्या वाचकांना हे नवे वाटू नये. नेमणूक झालेल्या काझीने प्रथम कैदखान्याकडे लक्ष द्यावे, कोण कशासाठी कैदेत आहे ते तपासावे, असे काझीच्या कर्तव्यांवरील जुने ग्रंथ सांगतात. हारून अल-रशीदच्या काळातले काझी अबू युसूफ यांनी कैद्यांना अन्न आणि उन्हाळ्या-हिवाळ्याचे कपडे सरकारने द्यावेत, साखळदंडात भीक मागायला लावू नये, असे खलिफाला बजावले होते.

काही जण म्हणतात, तुरुंग चालवणे हे सरकारचे काम, न्यायाधीशाने त्यात का पडावे? पण कैदेचा हुकूम देतो कोण? न्यायालयच. ज्याच्या शब्दावर माणूस आत जातो, त्याच्याकडे तो माणूस अमानत असतो. अमानत दुसऱ्याच्या घरी ठेवली म्हणून जबाबदारी संपत नाही. ज्याच्यावर गुन्हा घडला त्याचे दुःख आम्ही लहान मानत नाही. पण त्याला न्याय निकालाने मिळतो, कैद्याला उपाशी ठेवल्याने किंवा मारल्याने नव्हे.

तरीही केवळ न्यायालयाची नजर पुरते काय? न्यूयॉर्क शहराच्या रायकर्स बेटावरील तुरुंगांवर 2015 च्या तडजोडीनंतर न्यायालयाचा निरीक्षक बसला. अहवालांमागून अहवाल आले, हिंसा थांबली नाही. 2024 मध्ये न्यायालयाने शहराला अवमानाबद्दल दोषी धरले आणि 2025 मध्ये काही अधिकार बाहेरच्या व्यवस्थापकाकडे सोपवण्याचा निर्णय दिला. आपल्याकडे 2022 च्या अखेरीस तुरुंगांत 5 लाख 73 हजार माणसे होती, त्यांतली सुमारे 76 टक्के कच्चे कैदी. आदेश होते, पाहणीही होती. उणीव होती ती बाहेरच्या समाजाने विचारण्याची. ज्यांच्याबद्दल कोणी विचारत नाही, त्यांच्याबद्दलचे आदेश फायलीतच राहतात.

आणि समाज म्हणजे दुसरे कोणी नव्हे, त्या दिवशी स्टाफरूममध्ये गप्प बसलेले आम्हीच.

आता मुलाखतीच्या दिवशी त्या मुलाच्या नावापुढे आम्ही रजा लिहितो. दुसऱ्या दिवशी बुडालेला धडा शिकवतो आणि विचारतो, "अब्बा कसे आहेत?" पहिल्यांदा विचारले तेव्हा त्याने खाली घातलेली मान वर केली होती.