वेदीपासून दारापर्यंत

जुन्नरहून पश्चिमेला घाटघरच्या दिशेने निघाले, की सह्याद्रीच्या कड्यावर नाणेघाट लागतो. कोकणातून देशावर चढणारा हा प्राचीन व्यापारी मार्ग. घाटाच्या तोंडाशी असलेल्या गुहेत सातवाहन राजघराण्याचा ब्राह्मी लिपीतील, प्राकृत भाषेतील लेख कोरलेला आहे. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचा हा लेख नागनिका राणीचा मानला जातो. त्यात राजघराण्याने केलेल्या यज्ञांची नावे आहेत आणि त्या यज्ञांत दिलेल्या दक्षिणेचा हिशेब आहे. गायी किती, हत्ती-घोडे किती, कार्षापण नाणी किती, सारे काही नोंदलेले आहे. त्याच गुहेत एके काळी राजकुळातील व्यक्तींच्या प्रतिमाही होत्या. आज त्या उरलेल्या नाहीत. वर कोरलेली नावे तेवढी आहेत आणि खाली पावलांच्या अस्पष्ट खुणा.

काही वर्षांपूर्वी आमच्या धर्मग्रामातील तरुणांना घेऊन मी तेथे गेलो होतो. लेखाचा अर्थ सांगून झाल्यावर एका मुलाने विचारले, "फादर, एवढं दान केलं, पण राणीची खरंच श्रद्धा होती का?" मला उत्तर देता येईना. ते उत्तर त्या लेखातही नव्हते. राणी मनापासून भाविक असेल, किंवा राजधर्म म्हणून तिने सारे पार पाडले असेल. दगडावर संख्या कोरता येते. अंतःकरण कोरता येत नाही.

परतीच्या वाटेवर तोच प्रश्न माझ्याकडे वळला. धर्मगुरूच्या टेबलावरही नोंदवह्या असतातच. स्नानसंस्कार किती झाले, प्रथम ख्रिस्तप्रसाद किती मुलांनी घेतला, विवाह किती लागले, रविवारच्या दानपेटीत किती रुपये जमले, याच्या नोंदी मी वर्षानुवर्षे नेमाने केल्या आहेत. त्या नोंदी आवश्यक आहेत, खऱ्याही आहेत. परंतु उद्या कोणी त्या वह्या उघडून विचारले, की या माणसांनी परमेश्वराची खरोखर उपासना केली का, तर माझी वही नाणेघाटाच्या भिंतीइतकीच मुकी राहील. यरुशलेमच्या मंदिरात दोन दमड्या टाकणाऱ्या विधवेची नोंद मंदिराच्या कोणत्याही वहीत झाली नसेल. तिच्याकडे प्रभू येशूचे लक्ष होते, म्हणून ती आपल्याला ठाऊक आहे.

कोरडे कर्मकांड आणि खरी उपासना यांतील फरक हा काही नवा विषय नाही. आमोस हा तकोवा गावचा मेंढपाळ. तो बेथेलच्या राजमंदिरात जाऊन उभा राहिला आणि तेथील सण, होमबली व गायनाचा गजर परमेश्वराला नकोसा झाला आहे, असे त्याने बजावले. परमेश्वराला हवा होता तो न्याय, पावसाळी ओढ्यासारखा न आटणारा. यशयानेही ओठांची भक्ती आणि दूर गेलेले हृदय यांतील अंतर दाखवले आणि प्रभू येशूने परुश्यांशी बोलताना त्याच यशयाची आठवण करून दिली. हे उतारे आपण मिस्सेत ऐकतो. गंमत अशी, की ते ऐकताना आपल्या डोळ्यांसमोर नेहमी दुसऱ्या कोणाचा तरी चेहरा येतो.

या चर्चेतून काहीजण एक सोपा निष्कर्ष काढतात. शहरात शिकायला गेलेली आपली मुले तो वारंवार बोलून दाखवतात: "देव मनात आहे. मग मिस्सा कशाला, विधी कशाला?" हा युक्तिवाद प्रामाणिक असला तरी मला तो पुरेसा वाटत नाही. ज्या येशूने दांभिकतेवर आसूड ओढले, तोच शब्बाथ दिवशी आपल्या रिवाजाप्रमाणे सभास्थानात जात असे. बाराव्या वर्षी तो वल्हांडण सणासाठी यरुशलेमला गेला आणि मरणाच्या आदल्या रात्री त्याच सणाच्या भोजनाला बसला. त्याने विधी मोडीत काढला नाही. त्याने त्यात स्वतःला ओतले.

आपल्या भागातील भातखाचरे पाहा. जुन्नर आणि आंबेगावच्या पश्चिम पट्ट्यात डोंगरउतारावर आदिवासी शेतकरी दरवर्षी बांध घालतो, फुटला तर दुरुस्त करतो. बांध म्हणजे पीक नव्हे, हे त्याला पक्के ठाऊक असते. तरीही बांधावाचून पाऊस कितीही पडला तरी पाणी उतारावरून वाहून जाते आणि सोबत मातीही नेते. विधी हा असा बांध आहे. तो नसेल तर आपले भाव एका सरीपुरते टिकतात. बांध मात्र सुबक आणि खाचर कोरडे, अशी स्थिती झाली तर त्या बांधाचे कौतुक कोणी करावे?

मग हे पाणी म्हणजे नेमके काय? एक उत्तर असे दिले जाते, की समजून-उमजून केलेली उपासना म्हणजे खरी उपासना. या उत्तरात मोठे तथ्य आहे. 4 डिसेंबर 1963 रोजी दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने पवित्र उपासनेविषयीची आपली घटना जाहीर केली आणि श्रद्धावंतांनी उपासनेत जाणीवपूर्वक व सक्रिय सहभाग घ्यावा, हे सूत्र चर्चपुढे ठेवले. त्यातूनच आपल्या वेदीवर मराठी आली. माझा जन्म त्यानंतरचा. लॅटिन मिस्सेत जपमाळ ओढत बसलेल्या पिढीच्या गोष्टी मी फक्त ऐकल्या. सेमिनरीत शिकताना आम्हा तरुणांना वाटे, की भाषा कळली, गीते आपली झाली, की यांत्रिकपणा आपोआप सरेल. आज कबूल केले पाहिजे, की मराठीतूनही यांत्रिक होता येते. कळलेले शब्दसुद्धा सवयीने गुळगुळीत होतात.

जुन्नर तालुक्यातील आळे येथे एक समाधी आहे. ज्ञानेश्वरांनी पैठणला ज्या रेड्याच्या मुखातून वेद वदवले, त्या रेड्याची ती समाधी, अशी लोकांची श्रद्धा आहे आणि तेथे भाविकांची रीघ लागते. ही कथा मी वारकरी शेजाऱ्यांकडून अनेकदा ऐकली आहे. त्यांच्या सांगण्यातला मुख्य भाव असा, की सर्वांभूती एकच आत्मा आहे आणि पाठांतराच्या बळावर दुसऱ्याला हीन लेखणाऱ्यांना तेथे मान खाली घालावी लागली. ख्रिस्ती माणसानेही या कथेपुढे थोडे थांबावे. पवित्र शब्द बिनचूक म्हणता येणे ही जर रेड्यालाही मिळू शकणारी देणगी असेल, तर ते शब्द आपल्याला पाठ आहेत याचा अभिमान आपण किती बाळगावा?

दुसरे उत्तर आज अधिक लोकप्रिय आहे. मन भरून आले, डोळे पाणावले, की प्रार्थना खरी झाली असे मानले जाते. मनाचे भरून येणे ही कृपा आहे, तिची थट्टा मी करणार नाही. परंतु दिवसभर कांद्याच्या वाफ्यात वाकून आलेली बाई रात्री मुलांना घेऊन जपमाळेला बसते आणि तिसऱ्या दशकाला तिचा डोळा लागतो, तेव्हा तिची प्रार्थना पोकळ ठरते का? आजारी नवऱ्याच्या उशाशी वर्षभर तीच प्रार्थना म्हणणाऱ्या आणि आत काहीच न जाणवणाऱ्या पत्नीला आपण ढोंगी म्हणू का? मनाचा कोरडेपणा वेगळा आणि उपासनेचा पोकळपणा वेगळा. कोरडेपणात माणूस परमेश्वराच्या दाराशी थांबून राहतो, आत काही जाणवो वा न जाणवो. पोकळपणात तो आत येतो, सारे यथासांग करतो, आणि परमेश्वराने आपल्याला काही मागू नये याची मात्र काळजी घेतो.

हा भेद मी पुस्तकातून शिकलो नाही. तो मला कसा शिकावा लागला, ते सांगतो.

30 जुलै 2014 रोजी, बुधवारी सकाळी, आंबेगाव तालुक्यातील माळीण गावावर डोंगर कोसळला. दीडशेहून अधिक माणसे गाडली गेली. नेहमीच्या एस.टी.च्या चालकाला गाव जागेवर दिसेना, तेव्हा जगाला ही वार्ता कळली. त्यानंतरचा रविवार होता 3 ऑगस्टचा. त्या दिवशीचे शुभवर्तमान होते पाच भाकरी आणि दोन माशांचे. लोकांना गावांत पाठवून द्या म्हणजे ते आपापले अन्न विकत घेतील, असे शिष्य सुचवतात आणि येशू ती जबाबदारी त्यांच्याच गळ्यात घालतो. हा उतारा मी स्पष्ट उच्चारांत वाचला. प्रवचनात ख्रिस्तप्रसादाचे रहस्य उलगडले. श्रद्धावंतांच्या प्रार्थनांमध्ये माळीणच्या मृतांसाठी एक विनंतीही घातली. मिस्सा सुरेख झाली, असे दोघा-तिघांनी येऊन सांगितले. लगेच 15 ऑगस्टच्या मरियामातेच्या स्वर्गारोहण सणाची बैठक सुरू झाली. मंडप किती मोठा घालावा, ध्वनिक्षेपक कोणाचा आणावा, फुलांसाठी किती रुपये ठेवावेत, यावर आम्ही पाऊण तास बोललो.

बैठक आटोपून बाहेर आलो, तर दाराशी एक वृद्धा गाठोडे घेऊन बसली होती. ती शेतमजुरी करी. मिस्सेच्या वेळी ती जपमाळ ओढत बसे आणि उत्तरे इतरांच्या मागून, चुकीच्या जागी म्हणे. गायनवृंदाने तिच्याविषयी तक्रारही केली होती. मिस्सा न कळणाऱ्या जुन्या पिढीचे उदाहरण म्हणून मी मनातल्या मनात तिची नोंद करून टाकली होती. तिने गाठोडे पुढे केले. त्यात एक घोंगडी, एक धुतलेले लुगडे आणि पायलीभर तांदूळ होते.

"फादर, माळीणला कवा जायचं?" तिने विचारले.

'जायचं का' असे तिने विचारले नाही. आत्ताच वाचलेल्या शुभवर्तमानाचा दुसरा काही अर्थ असू शकतो, हे तिच्या गावीही नव्हते. मला बोलता येईना. तिला पूर्ण पाऊण तास दाराशी बसावे लागले होते आणि तिच्या शेजारून मी दोनदा ये-जा केली होती.

दुसऱ्या दिवशी आम्ही काहीजण निघालो. मदत गोळा होत होती तेथे आम्ही आमचे सामान दिले आणि परत आलो. यात सांगण्यासारखे शौर्य काही नाही. असंख्य माणसांनी त्या दिवसांत आमच्याहून कितीतरी अधिक केले. सणाचा मंडप त्या वर्षी घातला नाही, इतकेच. परंतु त्या रविवारची मिस्सा आजही माझ्या मनातून जात नाही. विधीत एकही चूक नव्हती, शब्द सारे कळत होते, मनही भरून आले होते. तरीही माझी उपासना दारापाशी संपली आणि तिची तेथून पुढे निघाली.

संत पौलाने करिंथच्या मंडळीला याच कारणासाठी कठोर शब्द सुनावले होते. त्यांच्या प्रभुभोजनात श्रीमंत आधीच जेवून घेत आणि गरीब उपाशी राहत. तुम्ही एकत्र जमता ते प्रभूचे भोजन राहिलेच नाही, असा त्याचा आरोप होता. तेथे प्रार्थनेचे शब्द चुकले नव्हते. शेजारी भुकेला आहे, याची दखल घेण्याचे राहून गेले होते.

त्या दिवसांत मी पंडिता रमाबाईंची साक्ष पुन्हा वाचली. त्या आपल्या कॅथलिक परंपरेतल्या नव्हत्या, पण याच पुणे जिल्ह्यातील केडगावच्या. 1883 साली इंग्लंडमध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला. पुढे 1907 साली लिहिलेल्या साक्षीत त्या सांगतात, की बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनी त्यांना उमगले: ख्रिस्ती धर्म आपल्याला सापडला, पण त्या धर्माचा प्राण असलेला ख्रिस्त सापडला नव्हता. हॅस्लम नावाच्या इंग्रज धर्मोपदेशकाचे पुस्तक त्यांच्या हाती आले होते. वर्षानुवर्षे उपदेश करणाऱ्या त्या गृहस्थाचे परिवर्तन स्वतःच्याच व्यासपीठावर, प्रवचन देताना झाले होते. पुराणे मुखोद्गत असलेल्या, बायबलचा कसून अभ्यास केलेल्या विदुषीने हे कबूल करावे, यात केवढी नम्रता आहे! त्यांनी यानंतर विधी टाकून दिले नाहीत. 1896-97च्या दुष्काळात मध्य प्रांतातून शेकडो उपाशी मुलींना त्यांनी आपल्या आश्रयाला आणले. ख्रिस्त भेटल्याची खूण तेथे दिसली.

प्रिय वाचकहो, आपल्या शेजाऱ्याची उपासना खरी की खोटी, हे ठरवण्याचा अधिकार आपल्याला नाही. त्या वृद्धेविषयी मी तो वापरला आणि पुरता फसलो. हा प्रश्न प्रत्येकाने स्वतःलाच विचारायचा आहे. मुलाच्या प्रथम ख्रिस्तप्रसादाच्या वेळी आपल्या घरात अधिक चर्चा कशाची झाली, पोशाखाची, जेवणावळीची की त्या भाकरीची? मिस्सेत शांतीचे अभिवादन करताना ज्या भावाशी बांधावरून अबोला आहे, त्याच्या बाकाकडे आपण वळतो का? आपले अर्पण वेदीपाशी ठेवून आधी त्याच्याशी समेट करावा, असे प्रभूने सांगितले आहे. माझ्यासारख्या धर्मगुरूने तर दर रविवारी स्वतःला विचारावे, की आज दाराशी कोण बसले आहे?

'मिस्सा' हा शब्द लॅटिन विधीच्या अखेरीस लोकांना निरोप देण्यासाठी उच्चारल्या जाणाऱ्या शब्दांवरून आला. म्हणजे आपल्या सर्वश्रेष्ठ उपासनेचे नावच मुळी पाठवणीवरून पडले आहे. आपल्याकडे पाठवणी झालेली मुलगी माहेरच्या उंबऱ्यावर रेंगाळत नाही. माहेरचे संस्कार घेऊन ती दुसऱ्या घरी दिवा लावते.

ती वृद्धा आता देवाघरी गेली. तिच्या अंत्यविधीची नोंद माझ्या वहीत आहे. घोंगडी, लुगडे आणि पायलीभर तांदळाची नोंद मात्र कोणत्याही वहीत नाही. ती जेथे व्हायची, तेथे झाली असेल, असा माझा विश्वास आहे.