वाऱ्याची वाटणी

आपल्याकडे कोणी एक आकडा सांगितला की ऐकणाऱ्याला दुसरा आकडा सुचल्याशिवाय राहत नाही. मुलाला 92 टक्के पडले म्हणा, "शेजारच्यांच्या मुलीला किती?" हा प्रश्न आलाच. फ्लॅट 650 चौरस फुटांचा म्हणा, "कार्पेट की बिल्टअप?" हा आलाच. इतकंच कशाला, माझं ब्लडप्रेशर 150 निघालं असं मी काकुळतीने सांगितलं, तर समोरचे गृहस्थ "हॅः! आमचं 170!" असं म्हणून ताठ बसले. जणू मीच जरा कमी पडलो.

तेव्हा माझे दोन साडू वाऱ्यावरून भांडले याचं मला मुळीच आश्चर्य वाटलं नाही.

थोरल्या साडूंचा मुलगा सिंगापूरला आणि धाकट्यांची मुलगी अमेरिकेत, फ्लोरिडात. दोघांनाही आपापल्या अपत्यांनी वाऱ्याच्या बोगद्यात नेऊन तरंगवून आणलं. हा बोगदा आडवा नसतो, उभा असतो. खालून वर सोसाट्याचा वारा सुटतो आणि माणूस त्यावर पालथा पडून पोहल्यासारखा तरंगतो. विमानातून उडी मारल्याचा आनंद, विमान आणि उडी वगळून! थोरले म्हणाले, "आमच्या वाऱ्याचा वेग 190 होता." धाकटे म्हणाले, "आमचा 120." थोरल्यांच्या चेहऱ्यावर असं काही समाधान पसरलं, की सासऱ्यांनी हयातीत त्यांचं एकदाही केलं नसेल एवढं कौतुक वाऱ्याने करून टाकलं. अर्ध्या तासाने भाच्याने खिशातला फोन काढून हिशेब केला. थोरल्यांचे किलोमीटर होते आणि धाकट्यांचे मैल. 120 मैल म्हणजे 193 किलोमीटर. मग धाकट्यांनी त्या वरच्या तीन किलोमीटरांवर श्रीखंडाची दुसरी वाटी मागून घेतली.

मला मात्र तिथून पुढे झोप लागेना. वेग मोजायचा म्हणजे नक्की काय मोजायचं? वाऱ्याचा वेग मोजायला पिटो नावाच्या फ्रेंच इंजिनिअरने 1732 साली शोधलेल्या नळीचीच युक्ती आजही चालते. त्याने ती सीन नदीच्या पाण्यासाठी काढली होती. पण नळी बोगद्यात कुठे धरायची? खाली जिथे बोगदा अरुंद होतो तिथे वारा सर्वांत जोरात. वर बोगदा रुंदावत जातो तसा तो मंदावतो. म्हणजे एकाच बोगद्यात दोन साडू दोन ठिकाणी नळी धरून खुशाल भांडू शकतात. शिवाय हवा सगळीकडे सारख्या जाडीची नाही. समुद्रकाठच्या मुंबईत जो माणूस 190 वर तरंगेल, त्यालाच पुण्याच्या उंचीवर पातळ हवेत साधारण 195 लागतील. (पुणेकरांनी हा आपल्या श्रेष्ठत्वाचा पुरावा समजू नये. त्यांना पुरावा लागतो असंही नाही म्हणा.) फेलिक्स बॉमगार्टनर 2012 साली सुमारे 39 किलोमीटरांवरून उडी मारून ताशी 1357 किलोमीटरपर्यंत गेला, तो तिथे अडवायला हवाच जवळजवळ नव्हती म्हणून. अडवणारं कोणी नसलं की वेग फार वाढतो, हे आपण काही घराण्यांतून पाहिलेलंच आहे.

आणि वेग वाढवणं स्वस्तही नसतं. वाऱ्याचा वेग दुप्पट करायचा तर पंख्यांना आठपट ताकद लागते. 190 चे 240 करायचे म्हटले तरी विजेचं बिल जवळजवळ दुप्पट! एवढा खर्च करून मिळवलेला आकडा मालक जाहिरातीत छापणारच. पण त्या आकड्याचा तरंगणाऱ्याला उपयोग काय? पालथ्या पडलेल्या माणसाला साधारण 190 पुरतात. डोकं खाली, पाय वर करून उडणाऱ्या पट्टीच्या खेळाडूंना 250 च्या आसपास लागतात. माझ्यासारख्याला 250 चा वारा देणं म्हणजे संध्याकाळी भाजी आणायला राजधानी एक्सप्रेस जोडून देण्यासारखं आहे.

हे सगळं मला कळलं ते सिंगापूरला. सेंटोसा बेटावर 2011 पासून एक काचेचा बोगदा आहे, सुमारे 17 मीटर उंच आणि 5 मीटर रुंद. थोरल्या साडूंबरोबर मी गेलो होतो. ते आत, मी बाहेर बाकावर, त्यांचा चष्मा आणि पाकीट सांभाळत. आधी एक सात-आठ वर्षांची मुलगी गेली. मग आमचे साडू, ज्यांना देवाने सढळ हाताने घडवलंय. मग एक काडीसारखा तरुण. काचेपलीकडे एक मुलगा बटणांपाशी बसला होता. प्रत्येक माणूस आत शिरला की तो त्याच्याकडे नीट बघायचा आणि वारा कमीजास्त करायचा. मुलीला थोडा, साडूंना भरपूर, तरुणाला बेताचा. शरीराचा पसारा तेवढाच आणि वजन दुप्पट असेल तर वारा 41 टक्के जास्त वेगाने सोडावा लागतो, हे गणित मी नंतर केलं. त्या मुलाने ते नजरेने केलं होतं. समजा त्याने सर्वांना अगदी समान वारा दिला असता, तर मुलगी छताकडे गेली असती आणि साडू खालच्या जाळीवर शिकरणीतल्या केळ्यासारखे पडून राहिले असते. आणि तरीही ते समान वाटप झालं असतं!

इथे मला आमची आक्का आठवली. ती 1962 साली मॅट्रिकला पहिल्या वर्गात आली. मी तेव्हा आठवीत. घरात वारा एवढासा, आणि तरंगवायची माणसं पाच. थोरल्या दादाला कॉलेज, पुढे मलाही कॉलेज आणि आक्काला शिवणाचा क्लास. कोणी दुष्टपणा केला नाही. वडिलांचा पगारच मोजका होता आणि "तिला काय, तशीही ती हुशार आहे, भागवेल" असं सगळे म्हणाले. तिने भागवलंच. कपडे शिवले, गणिताच्या शिकवण्या घेतल्या, दोन मुलं इंजिनिअर केली. आज घरात कुठलंही कार्य निघालं की कोणीतरी म्हणतंच, "बघा, आक्का न शिकताही कशी तरली!" पूर्वी मीही मान डोलवायचो. त्या बाकावर बसल्यापासून मान हलत नाही. थोड्या वाऱ्यावर जो तरंगतो त्याला वाऱ्याची गरजच नव्हती, असं म्हणणं हे कौतुक आहे की पावती न देता उरकलेला व्यवहार?

तुम्ही म्हणाल, सगळं वाऱ्यावर ढकलू नका, माणसाचंही काही असतं. बरोबर आहे. हातपाय सैल पसरले तर माणूस वर राहतो. अंग चोरलं, घाबरून मूठ झाला की त्याच वाऱ्यात खाली येतो. आमचे साडू पहिला अर्धा मिनिट खालीच होते, ते वजनामुळे कमी आणि ताठपणामुळे जास्त. पण पंखा बंद असताना कितीही हात पसरा, नुसता कवायतीचा प्रकार होतो. आणि जो वर तरंगतोय त्याला पंखा दिसतच नाही. बहुतेक बोगद्यांत पंखे असतात वर, माणसाचं तोंड असतं खाली. मग त्याला वाटतं, हे आपल्या अंगच्या गुणांनी चाललंय. मी नोकरीत तीस वर्षं असाच पालथा तरंगलो. माझी विद्वत्ता किती आणि आक्काच्या वाट्याचा वारा किती, हे मोजायला अजून कुठल्या पिटोची नळी निघालेली नाही.

गेल्या दिवाळीत हे सारं मी आक्कालाच सांगितलं. वेग, वजन, पसारा, बटणापाशी बसलेला मुलगा, सगळं. ती करंज्यांना मुरड घालत शांतपणे ऐकत होती. शेवटी म्हणाली, "तिकीट सगळ्यांना सारखंच ना रे?"

"हो. सारखंच."

"आणि त्या मुलीला कमी वारा दिला म्हणून तिची आई भांडली नाही?"

"छे! मुलगी तरंगत होती ना छान."

"मग बरं आहे," आक्का म्हणाली. "तो पोरगा आधी माणसाकडे बघत होता म्हणतोस. आपल्याकडे आधी पंख्याकडे बघत. हं, ही घे, फुटलीय, खाऊन टाक."

मी ती फुटकी करंजी खाल्ली. धड होत्या त्या तिने साडूंसाठी डब्यात भरल्या; दोघांना मोजून सारख्या. नाहीतर पुन्हा आकडे निघाले असते.