सरमेचा प्रश्न

महाभारताच्या आदिपर्वात, पौष्याख्यानाच्या आरंभी, एक लहानसा प्रसंग आहे. परंतु पुढील कथेचा विस्तार एवढा प्रचंड आहे, की बहुतेक वाचकांची दृष्टी त्यावर ठरत नाही. कुरुक्षेत्रावर जनमेजयाचे दीर्घसत्र चालू असता देवशुनी, म्हणजे देवांची कुत्री, सरमा हिचे पिल्लू तेथे येते आणि श्रुतसेन, उग्रसेन व भीमसेन हे राजाचे तीन बंधू त्याला मारतात. ते रडत आईकडे जाते आणि हविर्द्रव्य आपण चाटले नाही, त्याकडे पाहिलेसुद्धा नाही, अशी आपली कैफियत मांडते. सरमा यज्ञमंडपात येते आणि या निरपराध बालकाला तुम्ही का मारले, एवढेच विचारते. तिला कोणीही उत्तर देत नाही. तेव्हा ती शाप देते, की तुमच्यावर अदृष्ट भय येईल.

हा शाप मी पूर्वी अनेकदा वाचला होता. त्याचा अर्थ मात्र मला गेल्या पावसाळ्यात कळला. गावाबाहेरच्या एका वखारीत तारेने बांधून ठेवलेले एक तांबूस पिल्लू आळीतल्या मुलांनी सोडवून आमच्या ओसरीवर आणले. त्याच्या दुधाचे सुळे अजून पडायचे होते, त्यावरून पशुवैद्यांनी त्याचे वय पाच महिन्यांच्या आतबाहेर ठरवले. गळ्याचा व्रण तीन आठवड्यांत भरून आला. घरच्या मंडळींनी तिचे नाव तांबू ठेवले. परंतु सकाळी झाडलोट सुरू होऊन केरसुणीचा पहिला फरकाटा फरशीवर ऐकू आला, की ती खाटेखाली शिरून भिंतीला अंग चिकटवी, तिच्याखाली लघवीचे थारोळे होई आणि मग बराच वेळ ती डोळे मिटून निश्चल पडून राही. आमच्या घरात तिच्यावर कोणी हात उगारला नव्हता. ज्याने उगारला तो तेथे नव्हता. भय मात्र होते. ते अदृष्ट भय. सरमेने आपल्या शापात नवे असे काही निर्माण केले नाही. आपल्या लेकराच्या अंगात जे शिरले होते तेच तिने राजकुलाच्या पदरात परत घातले, असे मला त्या खाटेशी वाकून पाहताना वाटले.

दर्शनकारांच्या परिभाषेत अदृष्ट हा शब्द आणखी एका अर्थाने रूढ आहे. पूर्वकर्माचा जो परिणाम डोळ्यांना दिसत नाही पण फळ दिल्यावाचून राहत नाही, त्याला न्याय-वैशेषिक अदृष्ट म्हणतात. आमच्याकडे येणारे एक वयोवृद्ध, व्यासंगी स्नेही तांबूकडे पाहून कळवळ्याने म्हणाले, “अहो, पूर्वजन्मीचे भोग आहेत तिचे, तुम्ही-आम्ही काय करणार?” त्यांच्या कळवळ्याविषयी मला शंका नाही, आणि पशुयोनी ही भोगयोनी होय, तेथे जुने भोगून संपवायचे असते, हे शास्त्रमत मलाही ठाऊक आहे. तथापि हे मत येथे लावण्यास माझे मन कबूल होत नाही. भोग तिचा असेल. परंतु तार आवळणाऱ्या हाताचे कर्म त्या हाताच्याच खात्यावर चढले आहे, आणि ती आता आमच्या ओसरीवर आल्यामुळे पुढची नोंद आमच्या खात्यावर व्हायची आहे. कर्मसिद्धांत मनुष्याने स्वतःच्या दुःखाला लावला तर त्यातून धैर्य येते. दुसऱ्याच्या, त्यातही मुक्या जिवाच्या दुःखाला लावला, तर तीन राजपुत्र जसे गप्प राहिले तसे गप्प राहण्याची मुभा तेवढी मिळते. सिद्धांत खोटा ठरवण्याचा माझा अधिकार नाही. त्याचा हा विनियोग चुकीचा आहे, एवढे मी निश्चयाने म्हणतो.

मला वाट सापडली ती योगसूत्रांत. पतंजलींनी अभिनिवेश, म्हणजे नाशाचे भय, हा क्लेश विद्वानांच्या ठायीही रूढ असल्याचे सांगितले आहे, आणि त्यावरील व्यासभाष्य तर नुकत्याच जन्मलेल्या कृमीचाही दाखला देते. पंडित आणि कृमी ज्या भयात एका पंक्तीला बसतात, त्या भयाबद्दल पिलाला दटावणे हा अन्यायच होय. साधनपादात बाधक वितर्कांवर प्रतिपक्षभावनेचा उपाय सांगितला आहे. त्याचा मूळ संदर्भ साधकाच्या मनातील हिंसादिकांचा आहे, हे मी विसरलेलो नाही. परंतु जुन्या संस्काराशी झुंज न घेता त्याच्यासमोर उलट जातीचा संस्कार उभा करावा, हे त्यातले मर्म कुत्र्यालाही लागू पडते, याची रुजुवात मी प्रत्यक्ष केली आहे.

केरसुणी आम्ही अंगणात, तिच्यापासून वीस पावलांवर, नुसती आडवी टाकून ठेवली आणि तांबूसमोर दुधात कुस्करलेली भाकरी ठेवली. ती खाईना, तेव्हा केरसुणी आणखी पाच पावले मागे नेली. मग तिने खाल्ले. भ्यालेला कुत्रा अन्नाला तोंड लावत नाही. म्हणून तिने घास घेतला तर अंतर योग्य, न घेतला तर आपण फार जवळ आलो, हेच आमचे माप ठरले. रोज एखादे पाऊल अंतर कमी व्हायचे, कधी तेवढेही नाही; आणि पत्र्यावर माकडाने उडी मारली त्या दिवशी तर आठवड्याची कमाई गेली. बाजाराचेही तसेच. गर्दीत ओढून नेल्याने भीड चेपते हा सार्वत्रिक समज अगदी घातक आहे. आम्ही बाजाराच्या टोकाला पारावर बसत असू, ती बैलगाड्या आणि सायकली लांबून पाही, आणि मान वळवून आपण होऊन माझ्याकडे पाही तेव्हा तिला घास मिळे. अभ्यास दृढ होण्यास दीर्घकाळ, सातत्य आणि सत्कार ही तीन अंगे पतंजलींनी सांगितली आहेत. पहिली दोन कोणालाही पटतात, पण तिसऱ्यावाचून येथे काहीच साधत नाही. जवळ यायचे की नाही हे तिने ठरवायचे, हाच तो सत्कार. भाकरी पळवणाऱ्या कुत्र्यामागे नामदेव तुपाची वाटी घेऊन धावल्याची कथा मी बालपणापासून ऐकत आलो. संतांच्या धावण्यातले प्रेम त्या प्राण्याला कळले असेल, आमच्यासारख्यांनी मात्र वाटी खाली ठेवून मागे सरावे.

अमेरिकेतील बार हार्बर येथे स्कॉट आणि फुलर या संशोधकांनी पिलांच्या वाढीचा प्रदीर्घ अभ्यास करून १९६५ साली ग्रंथ प्रसिद्ध केला. माणसाशी नाते जुळण्याचा विशेष काळ साधारण तिसऱ्या ते बाराव्या आठवड्याचा, असा त्यांचा निष्कर्ष आहे. तांबूची ती मुदत त्या वखारीतच संपून गेली होती. गेलेले ते आठवडे कोणत्याही साधनेने परत येत नाहीत, आणि यावर गोड शब्दांचे पांघरूण घालणे मला योग्य वाटत नाही. क्लेश निर्मूळ झाला नाही. तो तनू, म्हणजे क्षीण, झाला. आता झाडलोट चालू असता ती उंबऱ्यावर पडून राहते, तिचा एक कान मागे वळतो, पण ती उठत नाही. अनोळखी पुरुषाने काठी टेकत दारात पाऊल टाकले तर मात्र ती अजूनही खाटेखालीच जाते, आणि आम्ही तिला बाहेर बोलावत नाही.

मागच्या महिन्यात मी त्या वखारीत गेलो आणि तेथील इसमाला, या पिलाला तारेने का बांधले होते, असे शांतपणे विचारले. त्याने माझ्याकडे पाहिले, मान खाली घातली आणि तो पोती मोजू लागला. वाचकांपैकी सर्वांनाच असे जनावर घरी आणून सांभाळणे जमणार नाही, त्यासाठी लागणारा अवकाशही सर्वांपाशी नसतो. पण जाता-येता कोठे अशी तार दृष्टीस पडली, तर तेथे क्षणभर थांबून हा प्रश्न अवश्य विचारावा.