ठोका आणि लय

दादर-परळकडील अनेक कॅथलिक कुटुंबांत मुलामुलींना व्हायोलिन, पियानो अथवा कीबोर्ड शिकवण्याची प्रथा आहे. ट्रिनिटी कॉलेज लंडनच्या परीक्षा जवळ आल्या की सरावाच्या जोडीला एक अखंड टकटक ऐकू येते. पूर्वी ती लाकडी पेटीतल्या लोलकाची असे. आता बहुधा मोबाइलमधून येते. मेट्रोनोमची ही साथ काही पालकांना खटकते. यंत्राच्या ठोक्यावर वाजवून मुलाच्या संगीतातला जीव जाणार नाही का, अशी त्यांना शंका वाटते. ही शंका क्षुल्लक नाही. तिच्यामागे एक जुना नैतिक प्रश्न उभा आहे : बाहेरून आलेल्या नियमापुढे मान तुकवल्याने माणूस अधिक सच्चा होतो, की केवळ आज्ञाधारक?

प्रथम यंत्राविषयी. दुहेरी वजनाच्या लोलकाची युक्ती ॲम्स्टरडॅमच्या डीट्रिख विंकेल याने १८१४ साली साधली. योहान मेल्झेल याने तिला मोजपट्टी जोडून १८१५ साली आपल्या नावे पेटंट घेतले, आणि जगाने श्रेय त्यालाच दिले. दांडीवरचे वजन वर सरकवले की ठोके संथ होतात, खाली आणले की जलद. ६० या आकड्यावर मिनिटाला ६० ठोके पडतात. यापलीकडे या यंत्राला काही येत नाही.

मग ते शिकवते काय? एकटा सराव करणारा विद्यार्थी सोप्या ओळीत नकळत धावतो आणि बोटे अडखळतील अशा जागी नकळत रेंगाळतो. तरीही सारे एकाच लयीत वाजवले असे त्याला मनापासून वाटते. हात चुकतो आणि कान हाताच्याच बाजूने साक्ष देतो. मेट्रोनोम हा तेथे त्रयस्थ साक्षीदार होय. चूक उघड झाल्यावरचा उपायही साधा आहे. सर्वांत अवघड जागा ज्या गतीने निर्दोष वाजते, त्याच गतीने संपूर्ण रचना वाजवायची. १०० ची रचना ६० वर आणायची. ती जमली की ६४, मग ६८. यात कमीपणा वाटतो, विशेषतः शेजारी ऐकत असतील तर. परंतु आपल्या दुबळ्या जागेच्या गतीने चालण्याची तयारी हीच साधनेतली नम्रता आहे. सुखाच्या दिवसांत उदार आणि अडचणीत हिशेबी होणारा माणूसदेखील स्वतःला सदैव सारखाच उदार समजत असतो. आत्मपरीक्षणाच्या वेळी आपण शोधतो ते हेच रेंगाळणे आणि धावणे.

संत ऑगस्टीन यांनी चौथ्या शतकाच्या अखेरीस 'दे मुसिका' हा सहा भागांचा ग्रंथ लिहावयास घेतला. त्याच्या सहाव्या भागात ते लयीचे प्रकार सांगतात : ध्वनीतली लय, ऐकणाऱ्याच्या कानातली लय, वाजवणाऱ्याच्या कृतीतली लय, स्मृतीतली लय आणि या सर्वांना पारखणारी अंतःकरणातली लय. मेट्रोनोम पहिल्या प्रकारचा आहे. त्याचे काम एवढेच की ही शेवटची, पारखणारी लय जागी होईपर्यंत तिच्या जागी उभे राहावे.

लालबाग-परळने यंत्राची दुसरी शिस्तही अनुभवली आहे. गिरणीच्या भोंग्याने पिढ्यान् पिढ्यांचे उठणे, जेवणे आणि निजणे ठरवले. १९८२ च्या संपानंतर एकेक गिरणी बंद पडत गेली, तसे भोंगेही मुके झाले. ती शिस्त दुसऱ्याच्या उत्पादनासाठी होती; कामगाराच्या अंतरंगाशी तिला कर्तव्य नव्हते. तोच कामगार रात्री चाळीतल्या भजनात बसला की मृदंग गायकाचा श्वास ओळखून चाले. ज्या हिंदुस्थानी संगीताच्या शिक्षणासाठी प्रा. बी. आर. देवधरांनी १९२५ साली गिरगावात स्कूल ऑफ इंडियन म्यूझिक काढले, त्यातही विद्यार्थी टाळी आणि खाली स्वतःच्या हाताने देतो. मात्रा अशी अंगात मुरते.

मेट्रोनोमचे आरंभी स्वागत करणाऱ्या बेथोव्हेननेही पुढे एका गीतावर नोंदवल्याचे सांगतात की हा आकडा सुरुवातीपुरताच घ्यावा, कारण भावनेलाही स्वतःची गती असते. आपले ग्रेगोरियन गायन तर समान ठोक्यांत बसतच नाही. तेथे शब्दांचा ओघ हीच लय. शब्बाथाविषयीची प्रभूची शिकवण आपल्या परिचयाची आहे. नियम आणि माणूस यांचे तेच नाते येथेही लागू पडते.

म्हणून पालकांना सांगावेसे वाटते की यंत्र वापरू द्या, पण ते कमी कमी करत न्या. आधी प्रत्येक मात्रेवर ठोका असू द्यावा, मग एकाआड एक मात्रेवर, मग आवर्तनातून एकदाच. मधल्या मात्रा मुलाने सांभाळाव्यात. अखेरीस यंत्र बंद करून वाजवायला सांगावे. लय टिकली तर शिस्त आत उतरली असे समजावे. न टिकली तर मूल फक्त आज्ञा पाळत होते. पुन्हा ६० वर यावे, त्यात लाज नाही.

खरी कसोटी मात्र रविवारच्या मिस्सात लागते. गायनमंडळातला एखादा वृद्ध आवाज किंवा लहान मूल ओळीच्या शेवटी मागे पडते. यंत्र त्याच्यासाठी थांबत नाही. ज्याला स्वतःची लय पक्की ठाऊक आहे, तो वादक क्षणभर थांबतो, त्याला सोबत घेतो आणि लय न मोडता पुढे जातो. असे थांबता यावे, म्हणूनच एवढी वर्षे ठोके मोजायचे.