वर्षाच्या शेवटी एका आजीचे चार शब्द

(वाचावयाचे भाग : २ तीमथ्य १:१–५, गणना २७:१–७, मत्तय ५:२३, २४)



हे वर्ष आता संपत आले आहे. ज्याप्रमाणे खळ्यावरचे धान्य घरात आल्यावर शेतकरी किती पेरले व किती हाती आले ह्याचा हिशेब करतो, त्याप्रमाणे डिसेंबरच्या ह्या शेवटल्या दिवसांत प्रत्येक ख्रिस्ती घराने आपला हिशेब पाहावा हे योग्य होय. स्तोत्रकर्त्याने नव्वदाव्या स्तोत्रात देवाजवळ हेच मागितले आहे की, आपले दिवस मोजण्यास आम्हांस शिकीव, म्हणजे आम्हांस शहाणपण येईल. तरुणांस दिवस मोजण्याची सवड नसते. आम्हां म्हाताऱ्या माणसांस ती पुष्कळ असते. म्हणून देहूरोडच्या एका आजीने आपल्या गावोगावच्या मंडळ्यांतील आजींस, व त्यांच्या द्वारे सर्वांस, चार शब्द लिहिण्याचे धैर्य केले आहे.

आमच्या घरी एक जुने पवित्र शास्त्र आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात येथे लष्कराचा मोठा डेपो झाला, तेव्हा आमचे सासरे कामाच्या शोधात नगरकडून येथे आले, आणि येताना त्यांनी ट्रंकेत जे थोडके सामान आणिले त्यात हे पुस्तक होते. त्याच्या आरंभीच्या कोऱ्या पानांवर घरातील जन्म, बाप्तिस्मे, लग्ने व मरणे लिहून ठेविली आहेत. प्रत्येक वर्षाच्या शेवटी, कुटुंबप्रार्थनेच्या वेळी, ती पाने मोठ्याने वाचण्याची आमच्या घरची रीत आहे. सासरे गेल्यावर आमचे यजमान वाचीत. दोन वर्षांपूर्वी प्रभूने त्यांस आपणाकडे नेले, तेव्हापासून ते काम आम्हांकडे आले.

ह्या वर्षी पाने उघडली आणि आमचा हात थांबला. एक ओळ कोरी होती. गेल्या पावसाळ्यात आमच्या धाकट्या मुलास दुसरी कन्या झाली. तिचे नाव तेथे लिहिलेले नव्हते. तिचा बाप्तिस्माही झालेला नव्हता. ही ओळ कोरी का राहिली हे सांगितल्यावाचून ह्या उपदेशास अर्थ नाही, म्हणून लाज वाटत असूनही सांगतो.

आमच्या यजमानांनी मृत्युपत्र केले नव्हते. थोरल्याने बापाच्या आजारात सेवा केली होती, म्हणून घर आपलेच असे त्याच्या मनाने घेतले. धाकटा चाकणच्या एका कारखान्यात पाळीने कामास जातो. त्यास तेथे खोली घेण्याकरिता आपला वाटा हवा होता. ह्या देशातील ख्रिस्ती लोकांस १९२५ चा भारतीय वारसा कायदा लागू आहे. मृत्युपत्र नसेल तर विधवेस एकतृतीयांश व उरलेले मुलांमुलींस सारखे, असे तो सांगतो. गोष्ट अशी सरळ होती. आम्ही आई ह्या नात्याने दोघांस जवळ बसवून ती सांगावयाची होती. परंतु ज्याच्या घरी जेवतो त्याचे मन मोडू नये ह्या भयाने आम्ही गप्प राहिलो. आणि जेथे गप्प राहावयाचे तेथे मात्र बोललो. सून बाळंत झाली तेव्हा तिच्या खाटेजवळ उभे राहून आम्ही म्हणालो, “पुन्हा मुलगीच का?” एवढ्यावर न थांबता, हिच्या पायगुणानेच घर फुटले असेही एका नातलग बाईजवळ बोललो, आणि ते तिच्या कानी गेले. तेव्हापासून धाकटा घरी येईनासा झाला.

वाचकहो, ‘पायगुण’ हा शब्द कोणाच्या तोंडचा आहे? जिने पन्नास वर्षे प्रभूभोजन घेतले, जिने शब्बाथ शाळेत मुलांस वचने पाठ करविली, तिच्या तोंडचा. आमच्या वाडवडिलांनी देवदेवस्की व शकुन-अपशकुन टाकून प्रभूस धरिले. परंतु उंबरठ्याबाहेर टाकिलेल्या गोष्टी जिभेच्या खाली लपून राहतात, आणि रागाच्या वेळी बाहेर येतात. याकोब आपल्या पत्राच्या तिसऱ्या अध्यायात जिभेस लहानशी आग म्हणतो. खळ्यात पडलेल्या एका ठिणगीने वर्षाचे पीक कसे जाते हे आपणा खेड्यातील लोकांस सांगावे लागत नाही.

आता शास्त्राकडे वळू. पौल तुरुंगातून आपल्या प्रिय तीमथ्यास लिहितो तेव्हा त्याच्या निष्कपट विश्वासाची आठवण करतो, आणि तो विश्वास प्रथम त्याची आजी लोईस व आई युनीके ह्यांच्या ठायी होता असे सांगतो. नव्या करारात आजी ह्या नात्याने नावाने सांगितलेली स्त्री ही एकच. तिने काही मोठे कार्य केले असे लिहिलेले नाही. तिने विश्वास घरात ठेविला, एवढेच. तीमथ्याचा बाप हेल्लेणी होता असे प्रेषितांची कृत्ये ह्या पुस्तकात आहे. घरात दोन रीती, दोन मते असतील. तरी आजीचा विश्वास मुलीकडे व मुलीकडून नातवाकडे पोहोचला. ह्यावरून आम्ही आपणांस विचारले, आमच्या नातींकडे आमच्याकडून काय पोहोचेल? आमचे घर, की आमचा विश्वास, की “पुन्हा मुलगीच का?” हा शब्द?

दुसरी आजी नामी. मवाबातून परत आली तेव्हा तिने गावच्या बायांस सांगितले की, मला मारा म्हणा, कारण माझे जीवित कडू झाले आहे. नवरा गेला, दोन्ही मुलगे गेले, जवळ एक परकी सून राहिली. आमच्या देशात असे झाले असते तर पायगुण कोणाचा ठरला असता? रूथचाच. परंतु नामीच्या तोंडी रूथविषयी तसला एकही शब्द नाही. ती तिला ‘माझ्या मुली’ असे म्हणते. पुस्तकाच्या शेवटी तीच कडू झालेली म्हातारी ओबेदास उराशी धरून बसली आहे, आणि शेजारच्या बाया तिला सांगतात की, तुझी ही सून तुला सात मुलांहून अधिक आहे. त्या ओबेदाच्या वंशात दावीद झाला, आणि दाविदाच्या वंशात आपला तारणारा. नामीने सुनेस दोष देऊन दार लाविले असते तर तिची मांडी रिकामीच राहिली असती.

तिसरी गोष्ट गणना ह्या पुस्तकातील. सलाफहाद मेला, त्यास मुलगा नव्हता, पाच मुली होत्या. त्या मोशेपुढे, याजकापुढे, सरदारांपुढे व सर्व मंडळीपुढे येऊन उभ्या राहिल्या, आणि आमच्या बापाचे नाव का नाहीसे व्हावे, आम्हांस वतन द्या, असे म्हणाल्या. मोशेने तो वाद परमेश्वरापुढे नेला. परमेश्वराने उत्तर दिले की, ह्या मुली ठीक म्हणतात. आणि पाहा, शास्त्राने त्यांस ‘पाच मुली’ म्हणून सोडून दिले नाही, तर महला, नोआ, होग्ला, मिल्का व तिरसा अशी त्यांची नावे लिहून ठेविली, आणि तीही एकदा नव्हे, अनेकदा. ज्या देवाने आपल्या पुस्तकात मुलींची नावे इतक्या काळजीने लिहविली, त्याच्याच पुस्तकाच्या पानावर आम्ही नातीच्या नावाची ओळ कोरी ठेविली होती.

आपल्या महाराष्ट्रातील मंडळीच्या इतिहासातही फुटलेले घर पुन्हा जुळल्याचे एक उदाहरण सर्वांस ठाऊक आहे. रेव्हरंड नारायण वामन टिळक ह्यांनी फेब्रुवारी १८९५ मध्ये मुंबईस बाप्तिस्मा घेतला, तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई ह्यांवर जणू आकाश कोसळले. पतिपत्नींची ताटातूट झाली. नातलग, समाज, धर्म ह्या सर्वांची भिंत मध्ये उभी राहिली. परंतु टिळकांची पत्रे येत राहिली. पुढे लक्ष्मीबाई आरंभी आपले सोवळेओवळे सांभाळूनच पतीजवळ येऊन राहिल्या, आणि १९०० साली त्यांनी स्वतः होऊन बाप्तिस्मा घेतला. पुढे त्याच माउलीने पतीचे अपुरे राहिलेले ‘ख्रिस्तायन’ पुरे केले, आणि १९३४ पासून भागाभागांनी निघालेल्या ‘स्मृतिचित्रे’ ह्या पुस्तकात आपल्या संसाराची हकीकत, आपल्या चुका व फजिती ह्यांसकट, हसतमुखाने सांगितली. त्यांच्या घरची भिंत आमच्या घरच्या भिंतीहून किती तरी उंच होती. ती पडू शकली, तर एका घराच्या वाट्यावरून उठलेली भिंत का पडू नये?

असे विचार मनात चालले असता नाताळ आला. आमचे देहूरोड हे नाना प्रकारच्या लोकांचे गाव आहे. डेपोच्या निमित्ताने दूरदूरच्या प्रांतांतील कुटुंबे येथे येऊन वसली. जवळच इंद्रायणीकाठी तुकोबांचे देहू आहे. २५ डिसेंबर १९५४ रोजी डॉक्टर बाबासाहेब आंबेडकर ह्यांनी येथे बुद्धमूर्तीची स्थापना केली, त्यामुळे आमच्या नाताळाच्याच दिवशी आमचे बौद्ध शेजारीही त्या दिवसाचे स्मरण करतात. ह्या वर्षीही करंज्या व चकल्यांची ताटे ह्या घरून त्या घरी गेली. वारकरी शेजारीण आली, बौद्ध शेजारी आले, मद्रासेकडील जुने कुटुंब केक घेऊन आले. सगळे गाव आमच्या दारी आले, आणि पोटचा मुलगा आला नाही. सायंकाळी पाहुणे गेल्यावर ती रिकामी जागा फार मोठी दिसू लागली.

तेव्हा प्रभूचे डोंगरावरील वचन आमच्यापुढे उभे राहिले. वेदीपाशी अर्पण आणिले असता आपल्या भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे असे आठवले, तर अर्पण तेथेच ठेवून आधी जाऊन समेट करावा. प्रभूने ‘तुझ्या मनात भावाविरुद्ध काही असेल तर’ असे म्हटले नाही. ‘भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही असेल तर’ असे म्हटले आहे. आणि त्याने वयाची मर्यादा घातली नाही. धाकट्याने थोरल्याकडे जावे, सुनेने सासूकडे यावे, असे तेथे नाही. ज्यास आठवले त्याने जावे. आम्हांस आठवले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते शास्त्र फडक्यात गुंडाळून, दोन बसगाड्या बदलून, आम्ही चाकणास गेलो. मुलगा रात्रपाळी करून निजला होता. सुनेने दार उघडले. आम्ही आत बसण्याआधीच सांगितले, “मुली, खाटेजवळ बोललो ते पाप होते, आणि तुझ्या मागे बोललो ते त्याहून मोठे पाप होते. आम्हांस क्षमा कर.” ती बराच वेळ काही बोलली नाही. मग तिने चहा ठेविला. पुढे आम्ही शास्त्र उघडून कोरी ओळ दाखविली व लेखणी तिच्या हाती दिली. ती म्हणाली, “आई, नाव लिहिते. पण तो शब्द माझ्या दोन्ही मुलींच्या कानी पुन्हा पडता कामा नये.” आम्ही वचन दिले. तिने आपल्या हाताने नाव व जन्मतिथी लिहिली. मुलगा उठला, त्याने पाहिले, काही म्हटले नाही. परंतु सायंकाळी त्याने आम्हांस आपल्या गाडीवरून बसपर्यंत आणून सोडिले.

प्रियजनहो, सर्व काही नीट झाले असे आम्ही लिहीत नाही. दोघे भाऊ अद्याप बोललेले नाहीत. थोरल्यास जवळ बसवून वाट्याची गोष्ट, जी दोन वर्षांपूर्वी सांगावयाची होती, ती आम्ही काल रात्री सांगितली. तो रागावला, व उठून गेला. परंतु आता आमचे मौन त्याच्या लोभास आसरा देणार नाही. ३१ तारखेच्या रात्रीच्या उपासनेस दोघांसही बोलाविणे पाठविले आहे. येतील की नाही हे प्रभूस ठाऊक. आमचे काम दार उघडे ठेवण्याचे आहे.

म्हणून ज्या आजी हे वाचतील, किंवा ज्यांस नातवंडे हे वाचून दाखवितील, त्यांस आमची तीन विनंत्यांची ही लहानशी भेट. पहिली, वर्ष संपण्यापूर्वी आपल्या घरात कोणाची ओळ कोरी राहिली आहे ते पाहा. दुसरी, ज्या शब्दाने ती कोरी राहिली तो आपला असेल तर तो परत घेण्यास स्वतः जा, निरोप पाठवू नका. तिसरी, सुना व नाती ह्यांविषयी जे प्रभूपुढे बोलता येणार नाही ते चुलीपुढेही बोलू नका. आणि मुलासुनांनो, तुमच्या घरची म्हातारी जर थरथरत्या पायांनी तुमच्या दारी आली, तर तिला आधी आत घ्या, मग हिशेब करा.

शमुवेलाने मिस्पा व शेन ह्यांच्या दरम्यान धोंडा उभा करून, येथवर परमेश्वराने आम्हांस साह्य केले, असे म्हटले. आम्हीही ह्या वर्षाच्या शेवटी तेच म्हणतो. हे प्रभो, ज्या पुस्तकात तू आपल्या लेकरांची नावे लिहितोस त्यात आमच्या घरातील लहानमोठ्या सर्वांची नावे असोत, आणि त्यांतील एकही आमच्या जिभेने पुसले न जावो. जे दूर आहेत त्यांस घरी आण, आणि जे घरी आहेत त्यांस दार उघडावयास शिकीव. आमेन.